त्रिनिदादमध्ये कुणाच्या घरी उतरताना

प्रश्न : आम्ही दोघे शाकाहारी. क्यूबातल्या त्रिनिदादला चार दिवस घरगुती खोलीत राहायचे आहे. काय सांभाळावे? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : प्रथम, हे क्रिकेटमुळे आपल्या ओळखीचे त्रिनिदाद बेट नव्हे. १५१४मध्ये वसलेले हे गाव १९८८पासून जागतिक वारसा आहे. परदेशी पाहुण्यांना खोली देणाऱ्या परवानाधारक घराच्या दारावर निळी, जहाजाच्या नांगरासारखी खूण असते. ती पाहूनच ठरवा. भाडे सहसा खोलीचे असते, नाश्ता वेगळा. तेव्हा दोन्ही आधीच विचारा.

जेवणात खरी गफलत होते. भात आणि काळ्या घेवड्याची उसळ निर्धोक वाटते, पण त्यात अनेकदा डुकराची चरबी असते. नुसते ‘सिन कार्ने’ (मांस नको) पुरत नाही. ‘सिन मांतेका’ (चरबी नको), ‘सिन हामोन’ (हॅम नको) हेही सांगा.

वीज बहुधा ११० व्होल्ट, खाचा चपट्या; आपली गोल पिन बसत नाही, अडॅप्टर ठाण्यातूनच न्या. वीज वारंवार जाते, म्हणून टॉर्च आणि पॉवर बँक हवीच. अमेरिकी बँकांची कार्डे चालत नाहीत. सुट्ट्या युरो नोटा बाळगा. गोट्यांच्या रस्त्यांवर चाकांची बॅग अडते, पाठपिशवीच बरी.