थिन फिल्म की ब्लॅक होल?

प्रश्न : मॅडम, मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एमएस्सी फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे. रिसर्च प्रोजेक्टसाठी ब्रांच आणि गाइडचं नाव पंधरा दिवसांत लिहून द्यायचंय. मला शाळेपासून अ‍ॅस्ट्रोचं, म्हणजे खगोलशास्त्राचं वेड, ब्लॅक होल आदळून उठणाऱ्या ग्रॅव्हिटेशनल वेव्हजचे व्हिडिओ बघत रात्र जाते. पण आमच्या डिपार्टमेंटला दोन सर आणि एक मॅडम, तिघंही थिन फिल्मवाले, म्हणजे काचेवर एखाद्या पदार्थाचा अगदी पातळ थर चढवून त्याचा अभ्यास करणारे. सिनियर म्हणतात गपचूप झिंक ऑक्साइडची फिल्म घे, मार्क्स मिळतात. मग ब्लॅक होल विसरायचं का?

उत्तर : अरे थांब, विसरायच्या आधी ते ग्रॅव्हिटेशनल वेव्ह पकडणारं यंत्र आतून कसं असतं ते तरी बघ. 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या लायगो नावाच्या यंत्राने पहिली लहर पकडली, ते तुला पाठच असेल. चार-चार किलोमीटरचे दोन हात, त्यात लेसर, आणि टोकाला आरसे, प्रत्येकी 40 किलोचे. त्या आरशांवर काय असतं माहितीये? थिन फिल्म! सिलिकाचा एक थर, मग टायटेनिया मिसळलेल्या टँटालम ऑक्साइडचा एक, परत सिलिका, असे एकावर एक थर. आणि गंमत म्हणजे या यंत्राची नजर अजून तीक्ष्ण का होत नाही याचं एक मोठं कारण त्या थरांमधले अणू गरमीने थरथरतात हेच आहे, त्यामुळे कमी थरथरणारं कोटिंग शोधायला जगभर लोक डोकं फोडतायत. आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया होतंय, 2023 मध्ये केंद्राने 2600 कोटींची मंजुरी दिली, तिथेही लेसर, व्हॅक्यूम, ऑप्टिक्स येणारी माणसं लागणारच.

आता लगेच हुरळून जाऊ नकोस हां. तुमच्या लॅबमधला स्प्रेचा सेटअप आणि लायगोच्या आरशाचं कोटिंग यात बैलगाडी आणि विमानाइतकं अंतर आहे. पण फिल्मची जाडी, रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (प्रकाश त्यात किती मंदावतो त्याचा आकडा), प्रकाश त्यात कसा अडकतो हे दोन्हीकडे सारखंच. म्हणून माझं म्हणणं, फिल्म घे, पण 'सिंथेसिस अँड कॅरॅक्टरायझेशन ऑफ' असं सुरू होणारं नेहमीचं टायटल घेऊ नकोस (लायब्ररीत अशा बाइंड केलेल्या प्रती कपाटभर असतील, बघ एकदा). तुमच्या डिपार्टमेंटच्या मॅडमना जाऊन सांग की मला ऑप्टिक्सच्या बाजूने करायचंय. फिल्म जरा जाड झाली की यूव्ही-व्हिजिबलच्या ग्राफमध्ये (कुठल्या रंगाचा प्रकाश फिल्ममधून किती पार जातो त्याच्या) लाटा दिसायला लागतात, बरेच जण त्या मशीनचा नॉइज समजून स्मूद करून टाकतात आणि तिथेच खरा माल फेकून देतात. त्या लाटा म्हणजे फिल्मच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून येणाऱ्या प्रकाशाचं इंटरफेरन्स, दोन लहरी मिसळून कुठे वाढतात कुठे मरतात ते. समजा शेजारशेजारची दोन शिखरं 500 आणि 600 नॅनोमीटरला आली आणि इंडेक्स 2 धरला, तर जाडी निघते 750 नॅनोमीटर, वहीच्या मागच्या पानावर करून बघ. एकदा हे जमलं की दोन थर, मग चार थर, कॉम्प्युटरवर मॉडेल, आणि तू आरशाच्या दारात उभा.

रोजचं काम काय असतं तेही सांगते कारण ब्रांच निवडताना ते कोणी सांगत नाही. स्लाइड्स साबणाने, मग अ‍ॅसिडने, मग डिस्टिल्ड वॉटरने, मग अ‍ॅसिटोनने, आणि एवढं करून बोट लागलं की परत पहिल्यापासून. हॉटप्लेट चारशे डिग्रीच्या आसपास, झिंक अ‍ॅसिटेटचं सोल्युशन वरून फवारायचं, घाई करून जास्त मारलं की काच थंड पडते आणि फिल्मऐवजी रांगोळीसारखी पांढरी भुकटी बसते. मधेच नॉझल चोंदतं. माझ्या वेळी एक्सआरडीला (एक्स-रे टाकून अणूंची रचना बघायच्या चाचणीला) सॅम्पल बाहेरगावी पाठवलेलं, दोन महिन्यांनी आलं तेव्हा पाकिटावरचे नंबर पुसलेले, कुठली फिल्म कुठली कळेना, सहाच्या सहा फिल्म पुन्हा बनवल्या. तेव्हापासून मी काचेच्या मागच्या बाजूला डायमंड पेन्सिलने नंबर खरवडते. हे सगळं वाचून तुला कंटाळा आला की हात शिवशिवले, ते स्वतःशी खरं बोल.

कंटाळाच आला असेल तर अ‍ॅस्ट्रोची एक वाट आहे आणि तिला दुर्बीण लागत नाही. नारायणगावजवळच्या आपल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने 150 मेगाहर्ट्झला आकाशाचा मोठा सर्व्हे केलाय, टीजीएसएस, त्याचा कॅटलॉग, म्हणजे सापडलेल्या सोर्सची यादी, खुली आहे. अमेरिकेचा एनव्हीएसएस हा सर्व्हे 1400 मेगाहर्ट्झचा, तोही खुला. एकच सोर्स दोन्हीकडे शोधायचा आणि 150 वरून 1400 ला जाताना तेज किती कमी झालं ते मोजायचं. 150 ला 500 मिलीजान्स्की (रेडिओ तेजाचं माप) आणि 1400 ला 105 च्या आसपास असेल तर स्पेक्ट्रल इंडेक्स, म्हणजे त्या उताराचा आकडा, उणे 0.7, म्हणजे नेहमीची रेडिओ गॅलक्सी. उणे 1.3 च्या खाली घसरणारे सापडले की मजा, त्यात फार लांबच्या गॅलक्सी असू शकतात. पण फसगत कुठे होते तर एनव्हीएसएसची नजर 45 आर्कसेकंदाची (कोनाचं बारीक माप, आकडा मोठा तेवढं धूसर) आणि टीजीएसएसची 25 ची, त्यामुळे टीजीएसएसमध्ये दोन दिसणारे सोर्स एनव्हीएसएसमध्ये एकच ठिपका होतात आणि तुझा इंडेक्स खोटा येतो. असे ठिपके एकेक करून डोळ्याने बघायचे, शेकड्याने. हे आहे रोजचं अ‍ॅस्ट्रो, व्हिडिओत दाखवतात ते नाही.

दोन्ही एकेक रविवार करून बघ, कॅटलॉग घरी उतरवता येतो आणि लॅबची किल्ली मॅडमकडे असते. तरी माझं मत विचारशील तर फिल्मच. कारण ब्रांचपेक्षा दर आठवड्याला अर्धा तास समोर बसून तुझा ग्राफ बघणारं माणूस जास्त कामाचं, आणि अ‍ॅस्ट्रोला ते तुमच्याकडे नाहीये. हॉस्टेलवर एकट्याने रात्री दोन वाजता कोड अडकला की काय होतं ते मी बघितलंय, चांगली पोरं प्रोजेक्ट सोडतात. पीएचडीला वाट बदलता येते, पुण्यातल्या आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्थांच्या एंट्रन्सला क्वांटम, स्टॅटमेक (स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स), इलेक्ट्रोडायनॅमिक्स असलं पक्कं फिजिक्सच लागतं.

प्रश्न : माझी मुलगी एसवाय बीएस्सीला आहे. आत्तापासूनच फिजिक्सची एक ब्रांच पक्की करावी का? — एक आई, नाशिक

उत्तर : ताई, अजिबात नको. तिला कोडिंग आणि गणित पक्कं करू द्या, आणि मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राचा एनआययूएस म्हणून कार्यक्रम बीएस्सीच्याच मुलांसाठी असतो, त्याची जाहिरात बघत राहा. आणि तुम्हाला नाशिकहून लांब नाही, विज्ञान दिनाच्या सुमाराला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी लोकांना बघायला खुलं असतं, तेव्हा घेऊन जा. 45 मीटरच्या डिशखाली उभं राहून तिथल्या इंजिनिअरला हवं ते विचारता येतं. फक्त मोबाइल बंद ठेवायला सांगतील, तिथे तो ताऱ्यांपेक्षा मोठ्याने ओरडतो.