वाचकांचे प्रश्न : एआयशी झालेले बोलणे कोणाच्या ताब्यात?

प्रश्न : आमच्याकडे जमिनीचे उतारे, बँकेच्या नोटिसा, कचेरीची पत्रे सारे काही कन्नडमध्ये येते. मला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. म्हणून मी त्यांचे फोटो एआय सहायकाला दाखवून मराठीत अर्थ विचारते. मोबाइल आणि खाते घरात सर्वांचे एकच आहे. धाकट्या दिरांच्या कर्जाची नोटीस मी अशीच समजून घेतली होती. ती त्यांच्याच मुलाने जुन्या चॅटच्या यादीत वाचली आणि घरात विषय निघाला. ते चॅट पुसले, तरी कंपनीकडे राहते का? उताऱ्याचा अर्थ मात्र मला जपून ठेवायचा आहे.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : घरातल्यांना दिसणे आणि कंपनीकडे साठणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीसाठी स्वतःचे वेगळे खाते उघडावे. चॅटजीपीटीसारखे सहायक एका खात्यावर लिहिणारी माणसे वेगवेगळी ओळखत नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. चॅटजीपीटीमध्ये पुसलेले चॅट यादीतून लगेच जाते, परंतु कंपनीच्या यंत्रणेतून ते काढण्यास साधारणपणे 30 दिवसांपर्यंत अवधी लागतो. ‘टेम्पररी चॅट’ सुरू करून बोलल्यास ते यादीत येत नाही व प्रशिक्षणासाठी, म्हणजे एआयला शिकवण्यासाठी, वापरले जात नाही, तरी सुरक्षिततेच्या कारणास्तव त्याची प्रतही 30 दिवसांपर्यंत ठेवली जाऊ शकते. शिवाय सहायकाने आपल्याविषयी काही ‘मेमरी’मध्ये नोंदवून ठेवले असेल, तर चॅट पुसल्याने ती नोंद जात नाही, ती सेटिंगमध्ये जाऊन स्वतंत्रपणे पुसावी लागते, आणि नेमके हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

एप्रिल 2023 मध्ये चॅटजीपीटीत चॅटचा इतिहास बंद करण्याची सोय आली, तेव्हा एकच बटण होते : प्रशिक्षणास नकार द्यायचा, तर जुने चॅट जपण्याची सोयही सोडावी लागे. पुढे ही दोन बटणे वेगळी झाली आणि आज इतिहास ठेवूनही नकार देता येतो. गूगलच्या जेमिनीत मात्र या दोन्ही बाबी अजून एकमेकींना बांधलेल्या आहेत; तेथे नोंदी ठेवणे बंद केले, तरी चॅट 72 तासांपर्यंत राहते, आणि जे चॅट माणसांनी तपासणीसाठी घेतलेले असते, ते आपण पुसल्यावरही 3 वर्षांपर्यंत राहू शकते. आपले चॅट जपायचे, तर त्याबदल्यात ते कंपनीच्या प्रशिक्षणाच्या कामी द्यावेत, ही अट आम्हाला न्याय्य वाटत नाही.

पुसण्याचा हक्क कंपनीच्या शब्दावरच उभा असतो असेही नाही. अमेरिकेत एका वृत्तपत्राने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय या कंपनीविरुद्ध लावलेल्या खटल्यात मे 2025 मध्ये न्यायालयाने पुसलेली चॅटही राखून ठेवण्याचा आदेश दिला होता व तो काही महिने लागू होता. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 माहिती पुसून घेण्याचा हक्क देतो. मात्र त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील मुख्य बंधने 18 महिन्यांनंतर लागू व्हायची आहेत. तोवर फोटो काढण्यापूर्वीच नोटिशीवरील खाते क्रमांक, आधार क्रमांक आणि नाव कागदाच्या पट्टीने झाकणे हाच भरवशाचा उपाय होय. अर्थ लावण्यासाठी सहायकाला त्यांची गरज नसते.

उताऱ्याचा अर्थ जपायचा असेल, तर चॅट पुसण्याआधी तो मजकूर कॉपी करून मोबाइलच्या नोट्समध्ये किंवा सरळ वहीत उतरवून घ्यावा. त्यातील सर्व्हे नंबर आणि एकर-गुंठ्यांचे आकडे मात्र कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याकडून मूळ कागदाशी ताडून घ्यावेत, कारण फोटो अंधुक असला की सहायक चुकीचा आकडाही तितक्याच ठामपणे सांगतो.