एप्रिलपासून नागपूर जिल्ह्यात घरोघरी आरोग्य सर्वेक्षण आहे. फिल्डवरच्या टीमच्या सुरक्षिततेसाठी नेमकं काय करावं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: परदेशी निधीवरचा माता-बाल आरोग्याचा अभ्यास, एप्रिल ते सप्टेंबर, नागपुरातल्या वस्त्या आणि रामटेक-पारशिवनीकडची गावं. १२ जणांची टीम, त्यात ८ मुली. बोटाला टोचून हिमोग्लोबिन तपासायचं, आणि जिथे बाळ दगावलं त्या घरी सविस्तर मुलाखत घ्यायची.

हेल्मेट, मास्क, प्रशिक्षण या सगळ्याच्या आधी दिवसाचं टार्गेट बघा. एथिक्स कमिटी (संशोधनाला मंजुरी देणारी नीतिसमिती) सहभागी लोकांच्या संरक्षणाबद्दल बारकाईने विचारते, माहिती गोळा करणाऱ्यांबद्दल क्वचितच. त्यामुळे प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, त्यांना जागा नसते, बजेटमध्ये पैसा नसतो, आणि सुरक्षितता प्रशिक्षणाच्या शेवटच्या अर्ध्या तासात उरकली जाते. माणशी ८ फॉर्म आणि पैसे फॉर्ममागे, असं ठरलं की मे महिन्यात दुपारी दोन वाजता तुमची मुलगी रस्त्यावरच असणार. म्हणून मानधन दिवसाचं ठेवा, आणि एप्रिल-मे-जूनचं टार्गेट हिवाळ्याच्या निम्मं धरा. निधी देणाऱ्यांशी हे आत्ताच बोला. काम सुरू झाल्यावर कुणी ऐकत नाही.

नागपूरचा मे ४५ अंशांच्या घरात जातो. शहरातल्या वस्त्यांत सकाळी साडेसहा ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते सात हीच वेळ ठेवा. पेंचच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत मात्र हे वेळापत्रक चालणार नाही. मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत बाया पहाटेच रानात जातात, आणि तुमच्या टीमनेही झुंजूमुंजू वेळी किंवा अंधार पडताना जंगलातल्या वाटेवर असू नये. तिथे वाघ आहेत. त्या गावांत आठला पोहोचून अकराला काम थांबवायचं, दिवस जास्त लागले तरी चालतील. बाहेरगावाहून आलेल्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्श्याइतकंच उन्हात ठेवा आणि रोज तेवढंच वाढवत न्या. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा तरी लागतो.

पाण्याबद्दल सगळेच सांगतात: दर १५-२० मिनिटांनी एक पेला, आणि ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकू नये. पण मुली पाणी पीत नाहीत, आणि त्याचं कारण कुणी विचारत नाही. बाटली सकाळी भरलेली असते आणि दुपारी जवळपास तशीच परत येते, कारण गावात लघवीला कुठे जायचं हे ठरलेलं नसतं. पाळीच्या दिवसांत तर अजून कठीण. प्रत्येक गावाच्या नकाशावर उपकेंद्र, अंगणवाडी, शाळा, ग्रामपंचायत यांपैकी कुठलं शौचालय उघडं असतं, तिथे पाणी आहे का, किल्ली कुणाकडे, हे आधीच लिहून ठेवा. माझ्या मते हा तक्ता सगळ्या पोस्टरांपेक्षा जास्त कामाचा आहे.

उष्माघात ओळखताना घाम थांबण्याची वाट बघू नका. चालून-राबून उष्माघात झालेल्या माणसाला घाम येत असू शकतो. बोलणं असंबद्ध झालं, तोल जाऊ लागला, साध्या प्रश्नाचं उत्तर चुकलं की समजा. सावलीत आडवं करा, जादा कपडे काढा, अंगभर पाणी ओता आणि वारा घाला, बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. १०८ ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत गार करणं थांबवू नका.

आता टोचणी. एकदाच वापरता येणारे, सुई आपोआप आत जाणारे लॅन्सेटच (बोट टोचायची छोटी सुई) घ्या. स्वस्त उघडे लॅन्सेट आणले की बोटाला लागण्याचे प्रकार वाढतात. वापरलेला लॅन्सेट पांढऱ्या, छिद्र न पडणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्ह लाल पिशवीत. डबा पाऊण भरला की बंद. हिपॅटायटिस बीच्या तीन लसी ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, म्हणजे एप्रिलची तयारी ऑक्टोबरात सुरू व्हायला हवी होती. उशीर झाला असेल तर काम सुरू होण्याआधी निदान दोन डोस होऊ द्या. कुणाला वापरलेली सुई लागलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. बोट दाबून रक्त काढू नये, तोंडात घालू नये. एचआयव्ही प्रतिबंधक गोळीचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत घ्यावा, ७२ तासांनंतर तो सुरू करत नाहीत, आणि कोर्स २८ दिवसांचा. एचआयव्ही तपासणीच्या रिपोर्टसाठी पहिला डोस अडवू नका. रामटेक तालुक्यातल्या देवलापारकडून नागपूरच्या मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) पोहोचेपर्यंत हे दोन तास बहुतेक संपतात. म्हणून जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आधी जाऊन विचारा: गोळ्या आत्ता शिल्लक आहेत का, रात्री आणि रविवारी कपाटाची किल्ली कुणाकडे असते? नाव आणि फोन कार्डावर छापा.

कुत्रा चावला तर जखम १५ मिनिटं घड्याळ लावून साबण-पाण्याने धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. त्याच दिवशी लस. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोबुलिन (रेबीजविरुद्ध तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) मागून घ्या, लहान दवाखान्यात ते राहून जातं. पावसाळ्यात साप आणि वीज दोन्ही: गमबूट, टॉर्च, फोनमध्ये विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप, आणि गडगडाट ऐकू आला की झाडाखाली न थांबता पक्क्या घरात. ऑगस्टनंतर कुणाला ताप आला तर गवतातून फिरल्याचं डॉक्टरांना सांगायला लावा, अंगावर काळी खपली आहे का तेही बघायला लावा. ही स्क्रब टायफसची, म्हणजे गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची, खूण असू शकते. २०१८ साली नागपुरात त्याची साथ येऊन गेली आहे; वेळेत ओळखला तर साध्या डॉक्सिसायक्लिनने बरा होतो.

माझ्या मते रोगांइतकीच भीती अफवांची धरावी. अनोळखी माणसं गावात येतात, लहान मुलांची चौकशी करतात, रक्त घेतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना मारून टाकलं. म्हणून टीम पोहोचायच्या आधी सरपंच, पोलीस पाटील आणि आशाताई यांना भेटून पत्र द्या, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टीमचे फोटो आणि तारखा टाका, पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या. पहिल्या दिवशी आशाताई सोबत हव्यातच, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. ओळखपत्रावर ऑफिसचा नंबर छापा. मुलींचे स्वतःचे नंबर वाटले की महिनोन्महिने रात्री-बेरात्री फोन येतात. प्रकल्पाचं वेगळं सिम स्वस्त पडतं.

दोघांच्या जोडीने जायचं. ऑफिसात एक माणूस फक्त हेच बघणारा: अकरा, दोन आणि संध्याकाळी सहाला मेसेज. मेसेज आला नाही तर १५ मिनिटांत फोन, मग जोडीदाराला, मग आशाताईंना, मग पोलीस पाटलांना, शेवटी ११२. रेंज नसलेली गावं आधी शोधा, तिथे परतीची वेळ ठरवूनच सोडा. घरात कुणी दारू पिऊन असेल, दार लावून घेत असेल, तर मुलीने फोन करून ठरलेलं साधं वाक्य बोलायचं: "लाल फाईल ऑफिसातच राहिली का?" मग तिथून उठायचं. तो फॉर्म अर्धवट राहिला म्हणून कुणी जाब विचारणार नाही, हे लेखी द्या.

सगळ्यात जास्त धोका बाइकचा आहे. दोघांनाही आयएसआय हेल्मेट लागेल, दुपट्टा त्याच्या आतून. अंधार पडल्यावर हायवेवर गाडी चालवायची नाही. शेवटची एसटी चुकली तर टॅक्सीचे पैसे प्रकल्पाने द्यायचे, ही ओळ बजेटमध्ये हवी. परवाना तपासा, नसेल तर अपघात विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो.

बाळ गेलेल्या घरातल्या मुलाखती दिवसाला दोनच्या वर देऊ नका, आणि सलग दिवशी तर नकोच. आई रडते, आणि ऐकणारी मुलगी पेन हातात धरून पुढचा प्रश्न वाचत असते: "बाळाचा श्वास किती वेळ जोरात चालला होता?" हे ओझं ती घरी घेऊन जाते. आठवड्यातून एकदा तासभर बसून बोलणं हवं, ते सुपरवायझरसमोर नको. जी गरोदर आहे किंवा जिचं स्वतःचं मूल गेलं आहे, तिला कारण न विचारता दुसरं काम द्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

लैंगिक छळाच्या तक्रारीबद्दल मुलींना एक गोष्ट स्पष्ट सांगा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामासाठी गेलेलं गाव, घर आणि संस्थेने दिलेल्या वाहनातला तिथवरचा प्रवासही कामाची जागा धरला जातो, आणि कंत्राटी किंवा मानधनावरची मुलगीही त्यात येते. संस्थेत १० किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती बंधनकारक आहे. नसतील तर, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुदत तीन महिने, म्हणून समितीतल्या बाईंचा नंबर पहिल्याच दिवशी द्या.