ठाण्यात राहतो, घरात सहा माणसं. कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यावी की सात सीटर एमपीव्ही? आतल्या जागेत आणि आरामात खरा फरक किती पडतो?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की आई-बाबा सोबतच राहतात, मुलं नऊ आणि पाच वर्षांची आहेत आणि वर्षातून दोनदा सगळे चिपळूणला जाता. माझ्या दृष्टीने निर्णय इथेच झाला. सहाच्या सहा जण खरोखर एका गाडीतून जाणार असाल, तर सात सीटर घ्या.

आमचंही घर सहा जणांचं, राहायला घोडबंदर रोडला. आधी पाच वर्षं कॉम्पॅक्ट एसयूव्ही होती, आता तीन वर्षं सात सीटर आहे. एसयूव्हीच्या काळात दर गणपतीला आमचं घर दोन तुकड्यांत गावी जायचं. आम्ही पाच जण गाडीने आणि बाबा एकटे दिवा-सावंतवाडी रेल्वेने. ते कधी तक्रार करायचे नाहीत, पण त्या गर्दीत सत्तरीच्या माणसाला एकटं बसवून देताना माझाच पाय निघायचा नाही.

आता मापांचं. बहुतेकांना वाटतं की सात सीटर म्हणजे मोठं धूड, सोसायटीत लावायची कुठे? प्रत्यक्षात क्रेटा या कॉम्पॅक्ट एसयूव्हीची लांबी ४३३० मिमी, आणि एर्टिगा ही सात सीटर एमपीव्ही (जास्त माणसांसाठी बांधलेली घरगुती गाडी) तिच्यापेक्षा थोडीच लांब आहे. फरक काही बोटांचाच. जी जागा एकीला पुरते ती दुसरीलाही पुरेल. खरा फरक पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरात आहे. क्रेटात ते २६१० मिमी, एर्टिगात २७४०. म्हणजे जवळपास तेवढ्याच लांबीच्या गाडीत १३ सेंटीमीटर जास्त जागा माणसांच्या वाट्याला येते, कारण एमपीव्हीचं बॉनेट आखूड असतं आणि छप्पर मागपर्यंत सरळ जातं. ब्रेझासारखी चार मीटरच्या आतली एसयूव्ही घेतलीत तर हे अंतर २५०० मिमीवर येतं.

रुंदीचा हिशेब मात्र उलटा आहे. क्रेटा १७९० मिमी रुंद, एर्टिगा १७३५. मधल्या सीटवर तीन मोठी माणसं बसली की एर्टिगात खांद्याला खांदा लागतो, हे आधीच धरून चला. तुमच्याकडे मधे आई, बाबा आणि एक मूल बसेल, तेव्हा अडचण होणार नाही. तीन मोठेच नेहमी मधे बसणार असतील तर कॅरेन्स ही दुसरी सात सीटर बघा. ती १८०० मिमी रुंद आहे आणि चाकांमधलं अंतर २७८० मिमी, पण लांबीही ४५४० मिमी आहे.

पण आई-बाबांसाठी या आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे चढणं-उतरणं. माझ्या आईचे गुडघे दुखतात. जुन्या गाडीत बसताना ती आधी दाराची कड धरायची, मग डावा पाय आत टाकायची आणि तिथेच अडकायची. दाराखालचा उंबरा रुंद आणि फरशी उंच, त्यामुळे दुसरा पाय हाताने उचलून आत घ्यावा लागायचा. पावसाळ्यात त्या उंबऱ्यावरचा चिखल दर वेळी साडीच्या काठाला लागायचा. आताच्या गाडीत ती दाराकडे पाठ करते, सीटवर टेकते आणि दोन्ही पाय एकदम आत फिरवते. सीट साधारण जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीएवढ्या उंचीवर आली की हे जमतं. वर चढावं लागलं तरी त्रास आणि सेडानसारखं खाली बसावं लागलं तरी त्रासच. सगळ्याच एमपीव्हींत हे असं असेल असं समजू नका. जुन्या पद्धतीच्या चासीवर (खालच्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर) बांधलेल्या गाड्यांची फरशी उंच असते. इनोव्हा क्रिस्टा तशी आहे, हायक्रॉस तशी नाही. दोन्हींत बसून पाहिलंत की फरक लगेच कळेल.

मागच्या रांगेबद्दल मात्र तुम्हाला स्पष्ट सांगितलं पाहिजे. एर्टिगासारख्या गाड्यांत तिसरी रांग मुलांसाठी आहे. मोठ्या माणसासाठी ती वाशीपर्यंत ठीक, चिपळूणपर्यंत नाही. कारण साधं आहे. मागे फरशीखाली इंधनाची टाकी आणि चाकांचा आस येतो, म्हणून फरशी वर उचललेली असते. सीट तेवढी वर घेतली तर डोकं छताला लागेल. मग गुडघे वर येतात, मांड्या सीटवरून सुटतात आणि उकिडवं बसल्यासारखं होतं. माझी उंची पाच फूट आठ इंच. मी मुद्दाम मागे बसून पनवेलपर्यंत गेलो होतो, उतरल्यावर कंबर सरळ व्हायला वेळ लागला. माझा अकरा वर्षांचा मुलगा मात्र तिथे खुशाल झोपतो.

गाडी लागणारं मूल असेल तर त्याला मागे बसवू नका. मागची सीट मागच्या चाकांच्या जवळजवळ वरच असते, त्यामुळे वळणावर तिथे हेलकावा जास्त बसतो आणि खड्ड्याचा दणका सरळ वर येतो. शिवाय मागची काच लहान, बाहेरचं फारसं दिसत नाही. माझ्या मुलीला परशुराम घाटात हमखास उलटी व्हायची. तिला मधल्या रांगेत खिडकीशी आणलं, समोरचा रस्ता दिसायला लागला, तेव्हापासून बराच फरक पडला.

सामानाची बाब लोक गाडी घरी आल्यावर शिकतात. एर्टिगाच्या सगळ्या सीट वापरात असताना डिकी २०९ लिटर, मागची रांग पाडली की ५५० लिटर. क्रेटाची डिकी ४३३ लिटर. म्हणजे सात जण भरले तर मागे दोन छोट्या बॅगा आणि एखादी पिशवी, बस्स. पण तुम्ही सहा आहात, आणि मागची सीट अर्धी-अर्धी पाडता येते. दोघे पुढे, तिघे मधे, एक मूल मागे आणि उरलेली अर्धी बाजू पाडून तिथे बॅगा. आमच्या दोन मोठ्या बॅगा, मुलांची दप्तरं आणि परतीचं तांदळाचं पोतं असंच मावतं. याच कारणासाठी मधे दोन स्वतंत्र खुर्च्या असलेली सहा सीटर तुम्ही घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं. त्या खुर्च्या आई-बाबांना फार आवडतील, हाताला टेकण मिळेल, मधून मागे जाताही येईल. पण सहा जण बसले की दोन्ही मुलं मागे आणि सामानाला तेवढीच छोटी डिकी, मग टपावर कॅरिअर आणि पावसात ताडपत्री बांधत बसायचं. सीएनजीचा विचार असेल तर टाकी डिकीतली किती जागा खाते ते आधी उघडून बघा.

थंडाव्यात सात सीटर पुढे आहे. बऱ्याच सात सीटर गाड्यांत मधल्या रांगेच्या डोक्यावर छतातून वारा येतो, तो मागेही पोचतो. बहुतेक कॉम्पॅक्ट एसयूव्हींत मागच्यांसाठी झरोके पुढच्या दोन सीटच्या मधे, खाली असतात, म्हणजे वारा आधी गुडघ्यांना लागतो. मे महिन्यात मुंब्रा बायपासला ट्रकच्या रांगेत अडकलात की याची किंमत कळते. आई मात्र डोक्यावरचा वारा सहन करत नाही, तिच्या बाजूची पट्टी आम्ही वळवून ठेवतो.

खड्ड्यांत एसयूव्ही सरस, हे मान्य करतो. एकटा गाडी चालवत असतो तेव्हा मला जुन्या गाडीची आठवण येते. पूर्ण भरलेली सात सीटर मागून दबते आणि उंच गतिरोधकावर खाली घासू शकते, तिथे तिरकी आणि अगदी सावकाश घ्यायची. निघण्याआधी मागच्या टायरमध्ये हवा वाढवायची. पूर्ण भारासाठी किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. एवढं केलं की गाडी डुलत नाही.

रोज तुम्ही दोघंच तीन हात नाक्यापर्यंत जाणार असाल आणि आई-बाबा सणालाच गाडीत बसणार असतील, तर एसयूव्ही घेऊन वर्षातून दोनदा भाड्याची मोठी गाडी करणंही चुकीचं नाही. पण तसं लिहिलेलं तुमच्या प्रश्नात दिसत नाही.

शोरूमला रविवारच्या गर्दीत जाऊ नका, आठवड्यातल्या एखाद्या दुपारी सहाही जण जा. घरातली सगळ्यात मोठी बॅग सोबत न्या आणि ती डिकीत ठेवून झाकण लावून बघा. आई-बाबांना मधल्या सीटवर निदान वीस मिनिटं बसू द्या, विक्रेता घाई करेल, करू दे. आईंना स्वतःहून चढू-उतरू द्या, तुम्ही हात देऊ नका. दोनदा चढून त्या तिसऱ्यांदा "मी इथेच बसते, तुम्ही बघा" म्हणाल्या, तर ती गाडी तुमच्या घरासाठी नाही.