पहिल्यांदाच अमेरिका, सोबत आई-बाबा : १२ दिवसांत ५ शहरं जमतील का?

तुमचा बेत वाचला. मे अखेर, १२ दिवस, तुम्ही दोघं आणि आई-बाबा. न्यूयॉर्कला उतरायचं, मग वॉशिंग्टन, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, आणि परत न्यूयॉर्कहून मुंबई. कागदावर जमतंय. पण माझं ऐकाल तर यातली शेवटची दोन शहरं काढून टाका.

न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस अंतर जवळजवळ ४,००० किलोमीटर. विमानात सहा तास, वर घड्याळात तीन तासांचा फरक, आणि मुंबईपासूनचा साडेनऊ तासांचा फरक अजून अंगातून गेलेला नसतो. विमानाचा दिवस हा वाया गेलेला दिवस धरायचा. शिवाय देशांतर्गत विमानात बॅगेचे बहुतेक वेळा वेगळे पैसे पडतात, चौघांच्या चार बॅगा म्हणजे बघा. लॉस एंजेलिस हे गाडीचं शहर आहे, पहिल्याच फेरीत उजव्या बाजूने गाडी चालवायची हौस नसेल तर तिथे टॅक्सीतच पैसे संपतात. सॅन फ्रान्सिस्को सुंदर, पण जून-जुलैत तिथे धुकं आणि गार वारा. तिथल्या बेटावरच्या जुन्या तुरुंगाची, अल्काट्राझची तिकिटं तर आधीच संपलेली असतात. व्हिसा हातात आलाय म्हणता, तोही १० वर्षांचा. पश्चिम किनारा पुढच्या खेपेला ठेवा. त्या वेळी योसेमिटी आणि ग्रँड कॅन्यनही जोडता येईल.

उरली तीन शहरं. तिन्ही ठिकाणी गाडीशिवाय फिरता येतं, आणि ज्येष्ठ मंडळी बरोबर असताना माझ्या मते हाच मुद्दा सगळ्यात मोठा. तिकीट काढताना ‘मल्टी-सिटी’ पर्याय निवडा : जाताना न्यूयॉर्क, परत शिकागोहून. उलटं न्यूयॉर्कला यायचा एक दिवस वाचतो.

मी जर्सी सिटीत राहते, दर उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचे ना कुणाचे आई-वडील आलेले असतात, त्यामुळे न्यूयॉर्कबद्दल जरा जास्त सांगते. पाच दिवस इथेच द्या. राहायला मॅनहॅटन परवडत नसेल तर नदीच्या अलीकडे, जर्सी सिटीत बघा. पाथ ट्रेनने वर्ल्ड ट्रेड सेंटर किंवा ३३व्या स्ट्रीटला पटकन पोचता. नेवार्क विमानतळही इकडेच, म्हणून मुंबईहून नेवार्कचं विमान मिळालं तर तेच घ्या. एअरबीएनबीवर चौघांसाठी अख्खा फ्लॅट घ्यायचा विचार असेल तर न्यूयॉर्क शहरात तो सोडा. सप्टेंबर २०२३ पासून तिथे ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी अख्खं घर भाड्याने देता येत नाही. घरमालक तिथेच राहत असेल तर चालतं, तेही दोनच पाहुण्यांना. तरी स्वस्तात फ्लॅट दिसला तर तो नियमात बसणारा नाही, असं समजा.

सबवे, म्हणजे इथली भुयारी रेल्वे, रात्रभर चालते. भाडं एका वेळी साधारण तीन डॉलर, लांब जा नाहीतर जवळ. तिकीट वगैरे काढायचं नाही, कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा फोन टेकवायचा. प्रत्येकाने आपापलं एकच कार्ड वापरायचं, म्हणजे सबवेतून बसमध्ये बदलताना दोन तासांच्या आत दुसरं भाडं लागत नाही. मात्र बऱ्याच स्थानकांना लिफ्ट नाही आणि जिने खोल आहेत. बाबांचे गुडघे दुखत असतील तर बस घ्या. हळू जाते, पण दारापाशी खाली झुकते, आणि खिडकीतून शहर दिसतं ते वेगळंच.

स्वातंत्र्यदेवीच्या पायथ्याशी जायलाच हवं असं काही नाही. स्टेटन आयलंडची फेरी फुकट आहे, जाताना उजव्या बाजूला उभे राहा, पुतळा छान दिसतो. बॅटरी पार्कपाशी कुणी या फेरीचं तिकीट विकायला आलं तर ‘नको’ म्हणून पुढे व्हा. टाइम्स स्क्वेअरला मिकी माउसच्या वेशातला माणूस गळ्यात हात टाकून फोटो काढतो आणि मग पैसे मागतो, आई-बाबांना हे आधीच सांगून ठेवा. ९/११चं स्मारक बाहेरून मोफत, आतल्या संग्रहालयाला तिकीट. सेंट्रल पार्कला एक सकाळ पुरत नाही, ८४३ एकर आहे. आणि स्वच्छतागृहांचा प्रश्न खरा आहे : सबवेत क्वचितच सापडतात. ब्रायंट पार्कचं मात्र इतकं नीटनेटकं की तिथे फुलदाणी असते. त्याच्या शेजारच्या मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयातही सोय आहे. पाण्याचा जेट कुठेच नसतो, पिशवीत एक रिकामी बाटली ठेवा. हसू नका, पहिल्या दिवशीच आठवण येईल.

शाकाहाराची काळजी नको. क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्स, इकडे जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळची नेवार्क ॲव्हेन्यू, शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यू. तिन्हीकडे थाळी, डोसा, चाट सगळं मिळतं.

वॉशिंग्टनला विमान नको, ॲमट्रॅकच्या रेल्वेने जा. पेन स्टेशन ते युनियन स्टेशन साडेतीन तासांच्या आसपास, दोन्ही स्थानकं शहराच्या मध्यात. तारीख जवळ आली की भाडं चढतं, म्हणून लवकर काढा. स्मिथसोनियन संस्थेची तिथली संग्रहालयं सगळी मोफत. हवाई आणि अवकाश संग्रहालयासाठी मात्र वेळेचा मोफत पास आधी साइटवरून काढून ठेवा. कॅपिटॉल (संसद भवन) ते लिंकन स्मारक तीन किलोमीटरहून जास्त आहे आणि मधे सावली कमी, एका दमात चालू नका. लिंकन स्मारक चोवीस तास उघडं असतं, रात्री जा. दोन पूर्ण दिवस पुरेत. मेचा शेवटचा सोमवार मेमोरियल डे, त्या जोडसुट्टीत हॉटेलं महागतात आणि गर्दी उसळते. तारखा दोन-तीन दिवसांनी पुढेमागे करता आल्या तर करा.

शिकागो बाबांना आवडेल असं वाटतं. ११ सप्टेंबर १८९३ला विवेकानंद ज्या इमारतीत बोलले, तेच आजचं आर्ट इन्स्टिट्यूट हे कलासंग्रहालय. मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी २०१० साली त्या भाषणाचे शब्द तिथल्या भव्य जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांनी उमटवले होते. समोरच मिलेनियम पार्क, फुकट. नदीतून इमारती दाखवणारी बोट महाग वाटेल, तरी घ्या. गगनचुंबी इमारतींची गोष्ट याच शहरात सुरू झाली, आणि बसल्या जागी कळते. ओहेअर विमानतळावरून निळ्या लाइनची ट्रेन थेट गावात आणते.

आता पैसे. पाटीवरची किंमत करापूर्वीची असते. न्यूयॉर्कमध्ये विक्रीकर ८.८७५ टक्के, आणि बसून जेवलात तर वर १८ ते २० टक्के टिप. म्हणजे मेन्यूवरचे २० डॉलर हातातून जाताना जवळजवळ २६ होतात. मोठा ग्रुप असेल तर टिप कधीकधी बिलातच लावलेली असते, बिल वाचून मग द्या. हॉटेलच्या दरातही कर बरेचदा शेवटच्या पानावर उगवतो.

एका गोष्टीत काटकसर करू नका : आई-बाबांचा प्रवास-विमा. इथे इमर्जन्सी रूममध्ये नुसतं तपासून सोडलं तरी हजारो डॉलरचं बिल येऊ शकतं. पॉलिसीत बीपी, मधुमेह अशा आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते वाचा, एजंटाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. औषधं मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि सगळं हातातल्या बॅगेत.

अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथेच सहसा इमिग्रेशन होतं आणि पुढचं विमान असलं तरी बॅगा तिथेच उचलून परत द्याव्या लागतात. मध्ये विमान बदलत असाल तर निदान तीन तास ठेवा. अधिकारी विचारतील ते किती दिवस, कुठे राहणार, परतीचं तिकीट. विचारलं तेवढंच सांगायचं, हे बाबांना नीट समजावा. लाडू, चिवडा, चकल्या चालतात, पण खाण्याचं काही आणलंय का विचारलं तर ‘हो’च म्हणायचं. लपवलं तर दंड होतो. ताजी फळं अजिबात नकोत. मे महिना आहे, कुणीतरी प्रेमाने हापूसची पेटी बांधून देईल. ती घरीच संपवून निघा.