मंदी कागदावरून जाते तेव्हा

प्रिय मित्रा,

तुझे टिपण दोनदा वाचले. २००८ च्या सुमारास अमेरिकेत आलेल्या मंदीविषयी तू लिहितोस की, लोक पुन्हा खर्च करू लागले आणि मंदी हटली. हे चूक नाही, पण लोकांना खर्च करण्याचे बळ कोठून आले, हा प्रश्न त्यात सुटून गेला आहे.

त्या देशाच्या अर्थव्यवस्थेत घरगुती खर्चाचा वाटा सुमारे दोन-तृतीयांश असल्यामुळे, ग्राहकाने हात आखडता घेतला की मालाचा उठाव थांबतो, कारखान्यातली एखादी पाळी बंद होते आणि त्या पाळीचा कामगारही कोणाचा तरी ग्राहकच असतो. आता तारखा पाहा. डिसेंबर २००७ मध्ये सुरू झालेली मंदी अधिकृत नोंदीनुसार जून २००९ मध्ये संपली; बेरोजगारी मात्र त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, १० टक्क्यांवर गेली आणि गेलेल्या नोकऱ्यांची संख्या भरून यायला २०१४ उजाडले. घरांच्या किमती कोसळलेल्या आणि डोक्यावर कर्ज, अशा कुटुंबांच्या हाती आलेला पैसा आधी हप्त्यांकडे वळत होता. ज्याची नोकरी शाबूत होती, तोही शेजाऱ्याची गेलेली पाहून नवी गाडी पुढच्या वर्षावर ढकलत होता. मला तर ही धास्ती प्रत्यक्ष बेकारीइतकीच महाग वाटते.

याच्या शेजारी जर्मनी ठेवून पाहा. २००९ मध्ये तिथले उत्पादन ५ टक्क्यांहून अधिक घसरले, तरी बेरोजगारी फारशी वाढली नाही. 'कुर्त्सआर्बाइट' योजनेत मालक कामगाराला काढून न टाकता त्याचे तास कमी करी, आणि बुडालेल्या निव्वळ वेतनाचे ६० टक्के, मूल असल्यास ६७ टक्के, सरकारी रोजगार संस्थेकडून मिळत. पगार कमी झाला तरी नोकरी टिकल्याने घरगुती खर्च जवळजवळ स्थिर राहिला. त्याच वर्षी जुनी मोटार भंगारात काढून नवी घेणाऱ्यास २,५०० युरो देण्यात आले. पण उद्याच्या पगाराची खात्री नसलेला माणूस त्या अनुदानासाठी उरलेली रक्कम कशाला उभी करील?

तास कमी करून नोकरी टिकवण्याचा हा उपाय सर्वत्र लागू पडत नाही, हेही लिही. जर्मन कारखान्यांची निर्यात पुन्हा वाढणार होती. अमेरिकेत घरबांधणीवरची बरीचशी कामे लवकर परतणारच नव्हती, तिथे नुसते तास वाटून भागले नसते.

पुढच्या खर्ड्यात खर्चाच्या आकड्यांशेजारी रोजगाराचे आणि घरगुती बचतीचे आकडे महिन्यागणिक मांड, आणि तो मला पाठव.

तुझा,
एक जुना शिक्षक