काकांची १९६३ची स्ट्रॅट विकण्याआधी पॉलिश करून घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीच्या काकांकडून आलेल्या फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकॅस्टर (स्ट्रॅट) या इलेक्ट्रिक गिटारच्या मागच्या प्लेटवर 'एल'ने सुरू होणारा नंबर आहे, रंग जागोजागी उडालाय, आणि पॉलिश करून विकली तर किती येतील.

पॉलिश अजिबात नको! नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे कारखान्यातला मूळ रंगाचा थर, कितीही उडालेलं असो, ते खरवडून नवा रंग मारला की किंमत जवळजवळ निम्म्यावर येते, असा या बाजारातला रूढ हिशोब आहे. एका घरी मुलांनी वडिलांची आठवण म्हणून गिटार मोठ्या प्रेमाने चकचकीत करून आणली होती. त्यांना भाव सांगताना माझा जीव तुटला.

सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने जानेवारी १९६५ मध्ये फेंडर विकत घेतली. त्याआधीच्या गिटारींचा मान वेगळाच. तुमची खरोखर १९६३ची आणि मूळ रंगातली निघाली, तर गोष्ट दहा हजार डॉलरच्या बरीच वर जाते.

पण नुसत्या नंबरवर जाऊ नका. ती प्लेट चार स्क्रूंवर असते, फेंडरच्या दुसऱ्या गिटारलाही बसू शकते. जाणत्या कारागिराला तुमच्यासमोर नेक, म्हणजे गिटारची लांब मान, उतरवायला सांगा. तिच्या बुडाशी शाईचा शिक्का दिसेल, '२ ऑगस्ट ६३ बी' अशा धर्तीचा. त्यातला २ ही तारीख नाही, तो मॉडेलचा आकडा. 'बी' म्हणजे नेकची रुंदी. इथे भलेभले चुकतात. मग पिकगार्ड (पुढची प्लास्टिकची पट्टी) उचलून पॉटवरचा, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या विद्युत भागावरचा, आकडा वाचा. ३०४-६३२० असेल तर स्टॅकपोल कंपनीचा, १९६३च्या विसाव्या आठवड्यातला. पॉट नेकच्या थोडं आधीचं असणं ठीक. बरंच नंतरचं असेल तर बदललेलं समजा. सोल्डरचे थेंबही बघा. सगळे सारखेच मळलेले हवेत. एखादाच चांदीसारखा चमकत असेल, तर तिथे नंतर कुणीतरी हात घातलाय.

परदेशी गिऱ्हाईक मिळालं तरी लगेच पाठवू नका. त्या काळच्या फिंगरबोर्डला (नेकवर बोटं दाबायच्या पट्टीला) बहुधा ब्राझिलियन रोझवूड असतं, आणि १९९२ पासून ते साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वात कडक यादीत आहे. परवान्याशिवाय सीमेवर गिटार जप्त होऊ शकते.

आणि जुनी केस फेकू नका. तिच्या कप्प्यात काकांची पावती, पट्टा, ट्रेमोलोचा दांडा, जे काही सापडेल ते तसंच राहू द्या.